परका पक्षी

डोळे सर्वांनाच असतात, पण पाहण्याची कला सर्वांना साधलेली असतेच असे नाही. अंगणात रोज येणाऱ्या चिमण्यांपैकी गळ्याखाली काळा डाग असतो तो नराच्या की मादीच्या, असे कोणी एकाएकी विचारले, तर आपण क्षणभर गोंधळून जातो. जी वस्तू ओळखीची, ती आपल्याला माहीतच आहे असे समजून आपण तिच्याकडे पाहत नाही. आणि जी अनोळखी, तिच्याकडे पाहून घटकाभर आश्चर्य करतो, हसतो आणि पुढच्या क्षणी तिला विसरून जातो. परिचयाने डोळ्यांवर एक पडदा येतो, तर नवलाईने दुसरा. हे दोन्ही पडदे बाजूस सारून एखाद्या जीवाकडे, तो जसा आहे तसा, निवांतपणे पाहणे ही गोष्ट फार थोड्यांना साधते. ती साधलेल्या एका चित्रकाराची आणि त्याने पाहिलेल्या एका पक्ष्याची ही हकीकत आहे.

माझ्या लिहिण्याच्या मेजासमोर भिंतीवर एक लहानसे चित्र टांगलेले आहे. मूळ चित्र लंडन येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या वस्तुसंग्रहालयात आहे. माझ्याजवळ आहे ती त्याची केवळ छापील प्रत. नाशिकजवळच्या एकलहरे गावी माझे घर आहे. येथील औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दूरवरून दिसतात, आणि गावाजवळून गोदावरी वाहते. अशा ठिकाणी एका शिक्षकाच्या घरात मोगल दरबारातील चित्र पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवल वाटते. "गुरुजी, हा कसला कोंबडा टांगून ठेवला आहे?" असे मला कित्येकांनी विचारले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

चित्रात एकच पक्षी आहे. त्याच्यामागे राजवाडा नाही, डोंगर नाही, शिकारी नाहीत की नोकरचाकर नाहीत. फिकट, मोकळ्या पार्श्वभूमीवर तो एका बाजूने दिसेल असा उभा आहे. अंग भरदार आणि काळसर, पिसे खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेली, पंखांवर आडवे पांढुरके पट्टे; आणि डोके मात्र बोडके. त्या बोडक्या डोक्यावर व मानेवर लाल-निळ्या रंगाची सुरकुतलेली कातडी, गळ्याखाली लोंबणाऱ्या मांसल गाठी. सुंदर म्हणावा असा हा पक्षी नव्हे. आपल्याकडील मोराच्या शेजारी त्याला उभे केले, तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. आणि तरीही या चित्रावरून नजर सहज निघत नाही. हा पक्षी म्हणजे टर्की, आणि त्याचे चित्र काढणारा कलावंत म्हणजे जहांगीर बादशहाच्या पदरी असलेला उस्ताद मन्सूर.

हा पक्षी आग्ऱ्याच्या दरबारात कसा पोहोचला, ही कथा मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या कोकणपट्टीला येऊन भिडतो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकून घेतला. त्यानंतर गोवे बंदर म्हणजे जगाच्या चारही दिशांकडील मालाची एक मोठी पेठच बनली. जहांगीर १६०५ साली गादीवर आला. त्याला दुर्मीळ वस्तूंचा आणि त्याहूनही अधिक दुर्मीळ प्राण्यांचा विलक्षण नाद होता. गुजरातेतील बंदरांचा कारभार पाहणारा मुकर्रबखान नावाचा त्याचा एक विश्वासू सरदार होता. त्याला बादशहाने आज्ञा केली, की गोव्यास जावे आणि तेथे मिळतील त्या अपूर्व वस्तू दरबारासाठी विकत घ्याव्यात. खानाने पैशाकडे पाहिले नाही. फिरंग्यांनी जी किंमत सांगितली ती मोजून त्याने वस्तू घेतल्या, आणि १६१२ साली तो त्या घेऊन दरबारात हजर झाला. त्यांत कित्येक चमत्कारिक प्राणी होते. त्यांची नावेदेखील तेथे कोणाला ठाऊक नव्हती. आपला टर्की त्यांतलाच एक.

या पक्ष्याचे मूळ घर मात्र गोवाही नव्हे आणि पोर्तुगालही नव्हे. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी त्याला फार प्राचीन काळी माणसाळवले होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी त्याला समुद्रापार युरोपात नेले. तेथून तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून पुढे निघाला. आपण आज ज्यांना अगदी आपली समजतो अशा कितीतरी वस्तू त्याच सुमारास, त्याच वाटेने आपल्याकडे आल्या आहेत. मिरचीवाचून मराठी माणसाची भाकरी घशाखाली उतरत नाही. पण ती मिरची अमेरिकेची. पपई, अननस, काजू, पेरू ही सारी मंडळी तिकडचीच. ती आली, आपल्या मातीत रुजली आणि घरची होऊन बसली. टर्कीला मात्र तेवढी जवळीक लाभली नाही. तो बहुतेक ठिकाणी पाहुणाच राहिला.

त्याच्या नावांची गंमतही ऐकण्यासारखी आहे. इंग्रज लोक त्याला 'टर्की' म्हणतात, जणू तो तुर्कस्तानातून आला. तुर्कस्तानातील लोक त्याला 'हिंदी' म्हणतात, जणू तो हिंदुस्थानातून आला. फ्रेंच भाषेतील त्याच्या नावाचा मूळ अर्थही 'हिंदुस्थानचा' असाच आहे. पोर्तुगीज लोक त्याला 'पेरू' म्हणतात. पेरू हा दक्षिण अमेरिकेतील देश, आणि टर्की तर मेक्सिकोकडचा! ज्याने त्याने या बापड्याला दुसऱ्याच कोणाच्या तरी गावचा ठरवले. परक्याची नीट विचारपूस न करता त्याला कोठल्यातरी गावाचे नाव चिकटवून मोकळे होण्याची माणसाची सवय किती जुनी आहे, हे या एका पक्ष्याच्या नावांवरून कळते.

जहांगिराचे वैशिष्ट्य असे, की त्याने केवळ नवल केले नाही. त्याने या पक्ष्याचे निरीक्षण केले आणि ते आपल्या रोजनिशीवजा आत्मचरित्रात लिहून ठेवले. पक्षी लांडोरीहून मोठा व मोराहून लहान आहे, असे त्याने आकाराचे माप दिले. त्याची चोच आणि पाय कोंबड्यासारखे असतात, तो रंगात आला म्हणजे मोराप्रमाणे पिसारा पसरून नाचतो, त्या वेळी त्याचे डोके आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने ती कापसासारखी पांढरी दिसू लागते आणि कधी निळसर होते, असे तो नोंदवतो. चोचीच्या वर असलेल्या मांसल शेंडीची लांबी कशी कमीजास्त होते, हेही त्याने टिपले आहे. ती लोंबू लागली म्हणजे हत्तीच्या सोंडेची आणि आखडून उभी राहिली म्हणजे गेंड्याच्या शिंगाची त्याला आठवण होते. डोळ्यांभोवतीचा निळा रंग मात्र कधीच बदलत नाही, ही बारीक गोष्टही त्याच्या नजरेतून सुटली नाही. एका बादशहाने एका पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची कातडी इतक्या लक्षपूर्वक पाहावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्याच्या निरीक्षणात तथ्यही होते. टर्कीच्या मानेच्या कातडीतील रक्तवाहिन्या फुगल्या किंवा आकसल्या म्हणजे तिचा रंग पालटतो, असे आजचे शास्त्र सांगते.

पण एवढे लिहूनही बादशहाचे समाधान झाले नाही. त्याचा पणजोबा बाबर हाही मोठा रसिक. त्यानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांची वर्णने केली आहेत. परंतु त्यांची चित्रे काढण्याची आज्ञा त्याने चित्रकारांना दिली नाही, असे जहांगिराने म्हटले आहे. पुढे अकबराच्या काळात बाबराच्या त्या ग्रंथाच्या सचित्र प्रती तयार झाल्या, आणि त्यांतील प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांत तरुण मन्सूरही होता. जहांगिराने मात्र ठरवले, की वर्णन आणि चित्र ही दोन्ही बरोबरच व्हावीत. ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून दुणावते, असा त्याचा विचार होता. त्याने दरबारातील चित्रकारांना या प्राण्यांची चित्रे काढण्याचा हुकूम केला. मन्सूरच्या टर्कीचा जन्म या हुकुमातून झाला.

आता क्षणभर या चित्रकाराच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. समोर असा प्राणी, की जो त्याने पूर्वी कधीही पाहिलेला नाही. मोर काढावयाचा तर हात आपोआप वळतो, कारण गुरूने मोर शिकवलेला असतो. हत्ती, घोडा, हरीण यांच्या रेषा परंपरेने ठरून गेलेल्या असतात. या पक्ष्याला परंपरा नाही. कोणत्याही गुरूने त्याची मान कशी वळवावी ते सांगितलेले नाही. त्यातून तो एका जागी स्थिर राहणारा नव्हे, आणि त्याची मान तर घडोघडी रंग पालटणारी! येथे पाठांतराचा उपयोग नव्हता. येथे एकच गुरू होता, आणि तो म्हणजे समोर उभा असलेला तो पक्षीच.

त्या काळच्या चित्रकाराची साधने पाहिली, तर या कामाला किती धीर लागत असेल याची कल्पना येते. खारीच्या शेपटीचे मऊ केस पिसाच्या पोकळ देठात बसवून बारीक कुंचला करीत. कागद अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून आरशासारखा करीत. प्रथम फिकट रेघांनी आकृती बेतावयाची, तीवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावयाचा, मग रेषा पुन्हा पक्की करावयाची आणि त्यानंतर रंगांचे थरावर थर चढवावयाचे. निळा रंग लाजवर्द दगड कुटून, पिवळा हरताळापासून, लाल हिंगुळापासून, काळा काजळापासून. रंग डिंकात कालवलेले. प्रत्येक थर वाळला म्हणजे चित्र पालथे घालून पुन्हा घोटणे. सर्वांत शेवटी केसाएवढ्या रेघांनी पिसांचे तपशील. अशा कामात घाई करणाराचे काम पहिल्याच दिवशी बिघडावे!

चित्राकडे जवळून पाहिले म्हणजे मन्सूरच्या दृष्टीची शिस्त दिसू लागते. मानेवरची सुरकुती सुरकुती त्याने वेगळी काढली आहे. पिसांची रांग जेथे वळते तेथे तिचा आकारही बदलतो. पायांवरील खवले, नखांची वक्रता, डोळ्याभोवतीचा निळा घेर, काहीही त्याने अंदाजाने काढलेले नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याने स्वतःच्या पदरचे काही घातलेले नाही. बादशहाला या पक्ष्याच्या नाचाचे किती कौतुक होते, हे आपण वर पाहिले. पिसारा फुलवलेला, लालेलाल मानेचा, नाचता टर्की काढून दरबाराला थक्क करून सोडावे, असा मोह एखाद्या सामान्य चित्रकाराला झाला असता. मन्सूरचा पक्षी मात्र दोन्ही पायांवर तोल सांभाळून शांतपणे उभा आहे. तो कोणाला हसवीत नाही, कोणाला भिववीत नाही. हजारो कोसांवरून आलेल्या त्या जीवाला या चित्रकाराने एक प्रकारची प्रतिष्ठा दिली आहे.

ही प्रतिष्ठा सोपी नाही, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका शेतकऱ्याने कोंबड्यांबरोबर टर्कीची एक जोडी विकत आणली. ती बातमी पसरताच त्याच्या खळ्यावर पोरांची झुंबड उडाली. नराने पिसे फुगवून गुडगुड असा आवाज केला, की पोरे तसाच आवाज काढीत आणि पोट धरधरून हसत. कोणी त्याला 'सोंडेचा कोंबडा' म्हटले, कोणी 'गिधाडाचा भाऊ' म्हटले. एका-दोघांनी खडेही भिरकावले. तेवढ्यात शेजारच्या घरातील एक आजी काठी टेकीत बाहेर आल्या. त्यांचे शिक्षण म्हणावे तर अक्षरओळखीपलीकडे गेलेले नव्हते. त्या पोरांवर ओरडल्या, "पोरांहो, दारी आलेल्या पाहुण्याचं रूप पाहून हसता व्हय? आधी नीट बघा तरी त्याच्याकडं!" पोरे ओशाळली आणि खाली बसली. आजीही एका दगडावर टेकल्या. मग कोणीतरी म्हणाले, "अरे, बघा, त्याची मान निळी व्हायला लागली!" दुसरा म्हणाला, "आणि ती सोंड आखूड झाली की!" हसणे थांबले आणि पाहणे सुरू झाले. जहांगिराने चारशे वर्षांपूर्वी जे टिपून ठेवले होते, ते आमच्या गावच्या पोरांनी त्या दिवशी आपल्या डोळ्यांनी शोधून काढले. माणूस हसत असतो तोवर पाहू शकत नाही, हे मला तेव्हा समजले. मन्सूरच्या चित्राशी माझी ओळख पुढे कित्येक वर्षांनी झाली. पण ते पाहताच आजींचे ते शब्द मला आठवले.

मन्सूरने असे किती जीव पाहिले आणि किती कागदावर उतरवले! १६२१ साली दरबारात झेब्रा आला. त्याच्या अंगावरचे पट्टे पाहून ते कोणीतरी रंगवले असावेत, अशी लोकांना शंका आली. नीट तपासणी केल्यावर ते पट्टे निसर्गाचेच आहेत अशी खात्री पटली. त्या झेब्र्याचे चित्र मन्सूरने काढले. १६२० साली बादशहाबरोबर तो काश्मिरात गेला असता त्याने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढल्याची नोंद स्वतः जहांगिराने केली आहे. बादशहाने त्याला 'नादिर-उल्-असर' हा किताब दिला होता. आपल्या काळातील अद्वितीय पुरुष, असा त्याचा अर्थ. मोठमोठ्या सेनापतींना मिळावा असा गौरव फुले-पाखरे रंगवणाऱ्या एका माणसाला मिळाला, ही त्या दरबाराची खरोखर भूषणावह गोष्ट होय.

परंतु मन्सूरच्या चित्रांचे मोल केवळ कलेपुरते नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर डोडो नावाचा, उडता न येणारा एक मोठा पक्षी होता. १५९८ साली डच खलाशी त्या बेटावर उतरले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस जगात एकही डोडो उरला नाही. त्याचे जे रंगीत चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे, ते मन्सूरच्या हातचे असावे असे जाणकार मानतात. त्या काळात सुरत येथे दोन डोडो पाहिल्याचे पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन गेला होता. आज डोडो कसा दिसत असे, हे ठरवताना पक्षिशास्त्रज्ञ त्या चित्राला मोठी किंमत देतात. कारण युरोपातील कित्येक चित्रकारांनी डोडोला फुगवून विदूषक बनवले, आणि या चित्रकाराने त्याला पक्षी म्हणून रंगवले.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हाळ्याचे आहे. सायबेरियात वीण करणारा एक शुभ्र करकोचा हिवाळ्यात हजारो मैल उडून भारतात येत असे. मन्सूरने त्याचे चित्र काढले. युरोपातील शास्त्रज्ञांनी या करकोच्याचे शास्त्रीय वर्णन केले ते १७७३ साली, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतर! शास्त्राच्या आधी कला तेथे पोहोचली होती. पण पुढची हकीकत खेदाची आहे. वाटेतील शिकारीमुळे आणि पाणथळ जागा नाहीशा होत गेल्यामुळे भारतात येणारे हे करकोचे वर्षागणिक कमी होत गेले. राजस्थानातील भरतपूर येथे २००१-०२ च्या हिवाळ्यात त्यांची शेवटची जोडी आली. त्यानंतर ती आली नाही. चीनमध्ये हिवाळा घालवणारे थवे अद्याप आहेत. पण आपले आकाश त्या शुभ्र पंखांना मुकले. मन्सूरचा करकोचा कागदावर आजही ताजातवाना आहे. मात्र चित्र पाहून समाधान मानण्याची वेळ यावी, हे काही सुख नव्हे. चित्र हे पक्ष्याची आठवण ठेवते; ते पक्ष्याची जागा घेऊ शकत नाही.

मोगल बादशहांच्या या निसर्गप्रेमाचा अभ्यास मुंबईचे थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीही केला होता. १८९६ साली जन्मलेल्या या माणसाने आपले सारे आयुष्य पक्षी पाहण्यात घालवले. त्यांच्या हातात कुंचल्याऐवजी दुर्बीण आणि टिपणवही होती. पण वृत्ती मन्सूरचीच होती. आधी पाहावे, पुन्हा पाहावे, आणि जेवढे पाहिले तेवढेच लिहावे.

असे पाहण्यासाठी आम्हा नाशिककरांना दूर जावे लागत नाही. एकलहऱ्याहून गोदावरी खाली वाहत जाते, ती निफाड तालुक्यात कादवेला भेटते. त्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वर येथे, विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. अडलेल्या पाण्यात गाळ साठला, त्यावर पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरांसाठी जणू एक अन्नछत्रच उघडले. हिवाळा सुरू झाला, की तेथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे दूरदेशचे पाहुणे उतरतात. येथलेच रहिवासी असलेले जांभळ्या पाणकोंबड्यांचे कळप त्यांच्याबरोबर चरत असतात. २०२० साली या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थान म्हणून रामसर यादीत मान मिळाला. महाराष्ट्रातील असे हे पहिलेच स्थान. तेथील निरीक्षणमनोऱ्यावर मी पुष्कळदा गेलो आहे. सहलीला आलेली मंडळी धावत वर येतात, "किती पाखरं!" असे म्हणतात आणि पाच मिनिटांत खाली उतरतात. एखादाच कोणी असा असतो, की जो एका बदकावर नजर ठेवून अर्धा तास उभा राहतो. त्याला मी मनातल्या मनात मन्सूरचा शागीर्द म्हणतो.

पाहण्याचे महत्त्व केवळ आनंदापुरते आहे, असेही कोणी समजू नये. आमच्या गोदावरीवर पाणवेलीचा जाड थर अनेकदा पसरतो. तिची जांभळी फुले मोठी देखणी दिसतात. ही वनस्पतीही दक्षिण अमेरिकेचीच. तिच्या फुलांवर भाळून माणसानेच तिला देशोदेशी नेले. मात्र ती पाणी झाकून टाकते, खालच्या जीवांचा प्रकाश आणि प्राणवायू तोडते, माशांना आणि मासे टिपणाऱ्या पाखरांना उपाशी ठेवते. नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते. टर्कीही परका आणि पाणवेलही परकी. एक दिसण्यात कुरूप, पण निरुपद्रवी. दुसरी दिसण्यात सुंदर, पण घातक. परका म्हणून कोणाला दूर लोटणे जसे चुकीचे, तसेच रूपावर भुलून कोणाला जवळ करणेही चुकीचे. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, तो म्हणजे नीट पाहणे. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला तर हे पाहणे टाळून चालणार नाही. नदीकडे पाहणारे डोळे कमी झाले, की नदी मरू लागते.

चित्रकार होणे सर्वांच्या नशिबी नसते, आणि त्याची गरजही नाही. पण एक वही, एक शिसपेन्सिल आणि घटकाभर स्वस्थ बसण्याची तयारी ही तीन साधने कोणालाही मिळवता येतील. परसातील कावळा घ्या, नाल्यावरचा खंड्या घ्या, नाहीतर घरची कोंबडी घ्या. तिचे चित्र काढावयास बसा. पहिल्या पाच रेघांतच तुमच्या ध्यानात येईल, की जन्मभर कोंबडी पाहूनही तिच्या पायाला बोटे किती आणि कोणते कोणत्या दिशेला, हे आपल्याला ठाऊक नव्हते. मग तुम्ही मान वर करून पुन्हा तिच्याकडे पाहाल. हे पुन्हा पाहणे म्हणजेच शिक्षणाचा आरंभ. चित्र चांगले आले नाही तरी चिंता नाही. तुमचे पाहणे मात्र आले.

बादशहा गेला, त्याचे तख्तही गेले. गोव्याच्या बंदरातून पैसे मोजून आणलेल्या इतर अपूर्व वस्तू काळाच्या ओघात कोठल्या कोठे पांगल्या. त्या टर्कीला तर आपण कोणाच्या दरबारात उभे आहोत, याची कधीच कल्पना आली नसेल. त्याला एवढेच कळले असेल, की भोवती पुष्कळ माणसे जमली आहेत आणि त्यांतला एक माणूस गडबड न करता, हातात बारीक कुंचला घेऊन, आपल्याकडे पाहत बसला आहे. परक्या मुलखात आलेल्या त्या जीवाला याहून मोठा आदर कोणता मिळाला असता?